गर्भपाताचा कायदा : आठवड्यांच्या हिशेबापलीकडचा प्रश्न

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अवघ्या आठवडाभरात जे घडले, ते आपल्यापैकी अनेकांनी वृत्तपत्रांतून वाचले असेल. दोन मुलांची आई असलेली २७ वर्षांची एक विवाहित महिला न्यायालयाच्या दारी आली होती. तिचे धाकटे मूल जेमतेम वर्षाचे होते. बाळ अंगावर पीत असल्यामुळेच पाळी येत नाही असे ती समजून चालली होती. त्यामुळे आपल्याला पुन्हा दिवस गेले आहेत हे तिच्या फार उशिरा ध्यानात आले. दुसऱ्या बाळंतपणानंतर जडलेल्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. तिसऱ्या मुलाचा भार पेलण्याची शारीरिक, मानसिक वा आर्थिक शक्ती आपल्यात उरलेली नाही, असे तिचे म्हणणे होते. गर्भाने तोवर २४ आठवड्यांची कायदेशीर मर्यादा ओलांडली होती.

९ ऑक्टोबर रोजी न्या. हिमा कोहली व न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने तिला गर्भपाताची परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयातील एका डॉक्टरांनी सरकारी वकिलांना कळविले, की गर्भ जिवंत राहण्याची चांगली शक्यता आहे. तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोके आधी थांबवायचे किंवा कसे, याचे स्पष्ट मार्गदर्शन न्यायालयाने करावे. ११ तारखेला त्याच खंडपीठात दुफळी झाली. न्या. कोहली यांना आता परवानगी देववेना, न्या. नागरत्ना मात्र आपल्या मूळ आदेशावर ठाम राहिल्या. अखेर तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य पीठाने १६ ऑक्टोबरला परवानगी नाकारली. गर्भ २६ आठवडे ५ दिवसांचा होता, त्यात व्यंग आढळले नव्हते आणि मातेच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता. बाळंतपणाचा वैद्यकीय खर्च सरकारने करावा, आणि मूल स्वतः वाढवायचे की दत्तक द्यायचे हे आईवडिलांनी ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले.

धडधडणारे हृदय थांबविण्याचा आदेश देण्यास देशाचे सर्वोच्च न्यायालय धजले नाही, याचे आम्हांला समाधान आहे. परंतु त्या समाधानात एक काटा सलतो. न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना त्या मातेबरोबर तोच आजार होता, तीच ओढाताण होती, पदराला तीच दोन लेकरे होती. तिच्या गर्भाविषयी देशभर चर्चा झाली; तिच्याविषयी किती झाली? गर्भपाताचा राजकीय लढा जगभर तीव्र झालेला असताना, आम्हां ख्रिस्ती जनांनी या प्रश्नाकडे कसे पाहावे, याचा विचार या निमित्ताने करणे अगत्याचे आहे.

कायदा कोठून आला?

पाश्चात्त्य देशांत गर्भपाताचा वाद दोन घोषणांभोवती फिरतो. एक पक्ष स्त्रीच्या हक्काची भाषा बोलतो, दुसरा न जन्मलेल्या बाळाच्या जीविताची. आपल्याकडचा कायदा मात्र या दोहोंपैकी कोणत्याही भूमिकेतून जन्मास आलेला नाही.

ब्रिटिशांनी केलेल्या भारतीय दंडसंहितेनुसार, स्त्रीचा जीव वाचविण्याचा अपवाद वगळता, गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा होता. परिणामी असंख्य स्त्रिया चोरीछुपे, अडाणी हातांनी गर्भपात करून घेत आणि त्यात प्राणास मुकत. हा प्रश्न अभ्यासण्यासाठी केंद्र सरकारने १९६४ साली एक समिती नेमली. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह तिचे अध्यक्ष होते. समितीने १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला, १९७१ मध्ये संसदेने वैद्यकीय गर्भपात कायदा संमत केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला.

स्त्रियांचे प्राण वाचविणे हा समितीचा हेतू प्रामाणिक होता, हे आपण मान्य केले पाहिजे. परंतु त्या काळी सरकारच्या मनात लोकसंख्यावाढीची भीतीही घर करून होती. विवाहित स्त्रीच्या बाबतीत संततिनियमनाचे साधन निकामी ठरले, तर त्यामुळे होणारा मनस्ताप हेच गर्भपाताचे पुरेसे कारण मानावे, असे या कायद्याने म्हटले. परवानगी द्यायची ती डॉक्टरांनी. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराने, २० आठवड्यांपर्यंत दोघांनी. म्हणजे कायद्याने स्त्रीला हक्क दिला नाही आणि बाळाला संरक्षणही दिले नाही. त्याने डॉक्टरांना गुन्ह्यातून सूट दिली.

लोकसंख्येच्या भीतीचे पुढचे टोक आणीबाणीत दिसले. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, एवढेच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कुटुंब किती असावे हे शासन ठरवू लागले म्हणजे हक्क आणि जीवित दोन्ही तुडविले जातात, हा धडा आपल्या पिढीने डोळ्यांदेखत घेतला आहे.

हक्काची भाषा आपल्या कायद्यात आली ती अलीकडे. २०२१ च्या दुरुस्तीने 'पती' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' हा शब्द आला. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणातच विधवा वा घटस्फोटित झालेल्या इत्यादी स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांवर गेली. आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने आठवड्यांची अटच उरली नाही. पुढे २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांची सवलत लागू केली. एवढे मोठे बदल झाले; पण दोन्ही सभागृहांत विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले आणि कोणत्याही पक्षाने तो निवडणुकीचा विषय केला नाही. अमेरिकेत जो लढा मतपेटीतून लढला जातो, तो आपल्याकडे एकेकटी स्त्री न्यायालयात लढते, आणि तिच्या पोटातील आठवडे तारखांगणिक वाढत जातात.

एप्रिल २०२४ मधील मुंबईचे प्रकरण आठवावे. अत्याचाराला बळी पडलेल्या १४ वर्षांच्या एका मुलीला गर्भपाताची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. २२ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. तेव्हा गर्भ जवळजवळ ३० आठवड्यांचा झाला होता. पुढे पालकांनाच मुलीच्या जिवाची धास्ती वाटू लागली, त्यांनी बाळंतपण होऊ द्यावे असे सांगितले आणि २९ एप्रिलला न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला. गर्भातील बाळ निरपराध आहे, ही आमची श्रद्धा येथेही ढळत नाही. परंतु ती मुलगीही निरपराध बालकच होती. तिच्यापुढे उभे राहून उपदेश करण्याचे धाडस कोणाही धर्मगुरूने करू नये. तिच्या शेजारी बसण्याची तयारी मात्र अवश्य ठेवावी.

मतपेटीचा धडा

परदेशांतील घडामोडींकडे आपण का पाहावे? कारण ख्रिस्तसभा तेथे या लढ्यात अग्रभागी राहिली आहे, आणि तिच्या अनुभवातून आपल्याला शिकण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले होते. २४ जून २०२२ रोजी 'डॉब्ज' खटल्यात त्याच न्यायालयाने ते काढून घेतले आणि निर्णय राज्यांकडे सोपविला. जीवनवादी चळवळीला हा पन्नास वर्षांच्या परिश्रमांचा विजय वाटला. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅन्सससारख्या परंपरानिष्ठ राज्यात मतदारांनी गर्भपाताचे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा राज्यांत या विषयावर मतदान झाले, तेव्हा सात राज्यांनी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. फ्रान्सने तर मार्च २०२४ मध्ये गर्भपाताचे स्वातंत्र्य राज्यघटनेतच नोंदविले.

आयर्लंडची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. १९८३ साली त्या कॅथोलिक देशाने सुमारे ६७ टक्के मतांनी न जन्मलेल्या बाळाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीने राज्यघटनेत घातला. २५ मे २०१८ रोजी, म्हणजे ३५ वर्षांनी, त्याच देशाने ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी ते कलम काढून टाकले. या दोन तारखांच्या मध्ये बेळगावच्या एका लेकीचा मृत्यू आहे. दंतवैद्य असलेल्या सविता हलप्पनवार १७ आठवड्यांच्या गरोदर असताना गॉलवे येथील रुग्णालयात दाखल झाल्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. त्यांनी गर्भ काढून टाकण्याची विनंती केली; परंतु गर्भाचे ठोके सुरू असेतो कायदा आडवा येतो, असे सांगण्यात आले. जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. संसर्गाची लक्षणे वेळीच ओळखली गेली नाहीत, असे चौकशीतून पुढे आले. आयर्लंड हा कॅथोलिक देश असल्याचे कारण आपण त्यांना सांगितले होते, हे तेथील एका परिचारिकेने मृत्यूच्या चौकशीत मान्य केले.

हे वाचताना आम्हांला लाज वाटते. कारण आईच्या जिवावर बेतलेल्या आजारावर उपचार करू नयेत, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकविलेले नाही. असा उपचार करताना, हेतू नसताना, गर्भ दगावला, तर त्याला ख्रिस्तसभा गर्भपात मानत नाही. बाळाचा जीव आईच्या जिवापेक्षा श्रेष्ठ आहे अशी आपली शिकवण नाही, हे आयर्लंडच्या बिशपांनी त्या वेळी जाहीर केले. पण तोवर फार उशीर झाला होता. श्रद्धेचे नाव घेऊन कोणी उपचारांपासून हात आखडता घेतला, तर त्याची किंमत एका कुटुंबाला आणि पुढे त्या श्रद्धेलाही मोजावी लागते.

मतांनी मिळविलेला कायदा मतांनीच जातो. लोकांच्या मनात जीवनाविषयी आदर रुजला नसेल, तर घटनेतील कलमसुद्धा ३५ वर्षांपेक्षा अधिक तग धरीत नाही.

निवड कोणाची?

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. गर्भपाताच्या हक्काचे समर्थक म्हणतात, की निर्णय स्त्रीचा असावा. हे म्हणणे ऐकायला न्याय्य वाटते. परंतु आपल्या घरांत हा निर्णय खरोखर कोण घेते?

गर्भातील बाळाचे लिंग सांगण्यावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये केंद्राने तसा कायदा केला. तरीही काय घडले? सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होती. २००१ साली ती ९१३ झाली आणि २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आली. या न जन्मलेल्या लेकींच्या मातांना कोणी विचारले होते? बहुतेक वेळी सासरच्या मंडळींची इच्छा, सोनोग्राफीचे यंत्र आणि पैशाला सोकावलेला डॉक्टर यांनीच तो निर्णय घेतला. जो कायदा स्त्रीच्या सुरक्षिततेसाठी झाला, त्याच्या आडून स्त्रीजातीचाच संहार झाला.

मराठवाड्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांचे उदाहरण त्याहून विदारक आहे. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि कामावर खाडा झाला तर दंड बसतो. पाळीच्या दिवसांत वा अंगावरच्या आजारात खाडा परवडत नाही, म्हणून बीड जिल्ह्यातील कित्येक स्त्रियांनी ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. शासनाने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कागदोपत्री प्रत्येकीची संमती आहे. तिला 'निवड' म्हणायचे काय? जिथे दारिद्र्य निवड करते, तिथे स्वातंत्र्याची भाषा पोकळ ठरते.

त्याच न्यायाने आम्हां जीवनवाद्यांनाही प्रश्न विचारला पाहिजे. जन्मापर्यंत बाळाची कैवारी असलेली आपली वाणी जन्मानंतर मुकी का होते? संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २०१७ पासून २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते. शेतावर, विटभट्टीवर, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला अशी भरपगारी रजा कोण देणार? आठवड्यांचा हा हिशेबही आपण मांडला पाहिजे.

आपल्या देवळाच्या दाराशी

ख्रिस्तसभेची शिकवण सर्वांना ठाऊक आहे. गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवन पवित्र आहे आणि त्याचा हेतुपुरस्सर नाश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली 'इव्हान्जेलियम वीते' या परिपत्रकात ती ठामपणे मांडली. परंतु त्याच परिपत्रकात त्यांनी गर्भपात केलेल्या स्त्रियांशीही मायेने संवाद साधला, त्यांच्या निर्णयामागे किती दडपणे असू शकतात हे ओळखले आणि त्यांना आशा न सोडण्याचे आवाहन केले, हे मात्र आपल्या प्रवचनांतून क्वचितच सांगितले जाते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये या पापाची क्षमा देण्याचा अधिकार कायमस्वरूपी सर्व धर्मगुरूंना दिला. क्षमेचे दार अधिक रुंद केल्याने शिकवण दुबळी होत नाही.

आमच्या धर्मगुरुपदाच्या काळात मिस्सेचा हेतू नोंदवायला येणाऱ्या काही स्त्रिया आम्हांला आठवतात. कोणासाठी मिस्सा, असे विचारले की त्या थांबतात आणि 'एका आत्म्यासाठी' एवढेच सांगतात. आम्ही पुढे विचारीत नाही. परंतु अशा स्त्रीला वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संकटाच्या त्या दिवशी आपल्या कचेरीचे दार ठोठवावेसे का वाटले नाही, हा प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. उत्तर कठीण नाही. तिला भीती होती ती आमच्या बोलण्याची, शेजारणींच्या नजरेची, लग्नाच्या बाजारात होणाऱ्या बदनामीची. अविवाहित मुलीला दिवस गेले हे कळल्यावर ज्या धर्मग्रामात कुजबुज सुरू होते, तो धर्मग्राम गर्भपाताविरुद्ध कितीही घोषणा देवो, तिला गर्भपाताच्याच वाटेवर ढकलीत असतो. आणि त्या कुजबुजीत मुलाचे नाव सहसा येत नाही.

मदर तेरेसांनी १९७९ साली नोबेल पुरस्कार स्वीकारताना ओस्लो येथे गर्भपाताविरुद्ध आवाज उठविला. त्यांचे शब्द जगाने ऐकून घेतले, कारण त्या नको असलेली बाळे स्वतःच्या आश्रमात घेत होत्या आणि त्यांच्यासाठी घरे शोधीत होत्या. त्यांच्या धर्मभगिनींनी २०१५ मध्ये, नव्या सरकारी नियमांशी न जुळल्याने, दत्तक देण्याचे कार्य थांबविले. तेव्हा 'बाळ आमच्या सिस्टरांना द्या' एवढे म्हणून आता आपली सुटका होत नाही. मूल सांभाळणे अशक्य असलेल्या आईला ते बालकल्याण समितीपुढे कायदेशीररीत्या सोपविता येते आणि मन बदलले तर फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. ही साधी माहिती आपल्या किती कुटुंबांना आहे? ती देण्यासाठी प्रत्येक धर्मग्रामात एखादी परिचारिका, एखादा वकील, एखादी अनुभवी माऊली तयार असणे, हे काही फार मोठे काम नव्हे.

विवाहपूर्व मार्गदर्शनात आपण नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवितो, ते योग्यच आहे. त्याबरोबरच बाळंतपणानंतर येणाऱ्या मानसिक आजाराची ओळख नवऱ्यामुलालाही करून दिली पाहिजे. दिल्लीच्या त्या मातेचा आजार वेळीच ओळखून घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, तिच्या वस्तीने तिचा भार वाटून घेतला असता, तर तिला न्यायालयाची पायरी चढावी लागली असती काय?

राजकीय लढा चालूच राहील. कायद्यात दुरुस्त्या होतील, नवे खटले येतील आणि त्या त्या वेळी न जन्मलेल्या बाळाच्या बाजूने निर्भयपणे बोलणे हे आपले कर्तव्य राहील. ते आम्ही करीत राहू. परंतु न्यायालयाचा आदेश रुग्णालयाच्या दारापाशी संपतो. बाळंतपणाचे बिल सरकार भरते. त्यापुढच्या रात्री कोणी जागवायच्या, याचा आदेश कोणतेही न्यायालय काढू शकत नाही. तेथून पुढे आपले काम सुरू होते. आपल्या धर्मग्रामात आज कोणती आई एकटी पडली आहे, हे येत्या रविवारी मिस्सेहून परतताना प्रत्येकाने स्वतःला विचारावे, आणि उत्तर सापडले तर त्या घराचे दार ठोठवावे.